मुंबईचं मॅनर हाऊस आणि वर्षाला दहा पौंड खंड

हा भाग शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर रेकॉर्ड केलाय, त्यामुळे मागे क्रिकेटचा आरडाओरडा ऐकू येईल.

तर मॅनर हाऊस म्हणजे काय? आपल्याला आठवतो सिनेमातला दगडी बंगला. पण मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मॅनर म्हणजे अख्खा कारभार. शेतं, गिरणी, कुळं, सगळं एका मालकाच्या हाताखाली. कुळांनी त्याच्या शेतात राबायचं, खंड भरायचा, आणि तंटा झाला तर निवाडाही त्याच्याच वाड्यात. आपल्या जहागीरदाराची गढी आठवा, साधारण तेच.

असं घर मुंबईतही होतं. १५५४ च्या सुमारास गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याला मुंबई बेट खंडानं मिळालं. फोर्टातलं मॅनर हाऊस त्याचंच, असं मानतात. १६२६ मध्ये इंग्रज आणि डचांनी ते जाळलं. पुढे १८ फेब्रुवारी १६६५ ला तिथेच मुंबई इंग्रजांना सोपवल्याच्या कागदावर सह्या झाल्या. तेव्हा घरमालकीण होती दोना इग्नेस द मिरांडा. आज ती जागा टाउन हॉलमागे, नौदलाच्या आयएनएस आंग्रे तळात आहे.

मी बसलोय ती जमीन मात्र वेगळ्या बेटाची, माहीमची. पोर्तुगीज म्हणाले, माहीम दिलेलं नाही. इंग्रजांचा हंफ्री कुक म्हणाला, ओहोटीला चालत जाता येतं, म्हणजे बेट एकच! आणि त्यानं माहीम घेतलं.

आता खरी गंमत. १६६८ मध्ये राजा दुसऱ्या चार्ल्सनं मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली. खंड वर्षाला फक्त १० पौंड, सोन्यात. आणि सनदेत लिहिलं, की ही जमीन केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिच मॅनरच्या रिवाजानं धरायची. म्हणजे लढाईची चाकरी नको, ठरलेला खंड भरा. कागदोपत्री आपली मुंबई एका इंग्लिश मॅनरच्या नियमानं चालली!

फोनच्या भाषेत सांगायचं तर ॲडमिन बदलत गेले, युजर तेच राहिले. भात पिकवणारे कुणबी, माडी काढणारे भंडारी, मासे धरणारे कोळी. त्यांना कुणी विचारलं नाही.

दादर-गिरगावात पागडीच्या घरात राहणाऱ्याला हे लगेच कळेल. पिढ्यानपिढ्या राहतो एक, पावती फाडतो दुसरा. तुमच्या घराखालची जमीन कागदावर कुणाची आहे? घरी विचारून बघा आणि कळवा. भेटू पुढच्या भागात!