मेंडेलचा वाटाणा, आतून

मागच्या लेखांकात बटाट्यातले पिष्टकण, म्हणजे स्टार्चचे कण पाहिले. ते मोठे, साध्या सूक्ष्मदर्शकालाही सहज सापडणारे. आता बियांकडे वळायचं, तर सुरुवात वाटाण्यापासूनच करायला हवी.

ब्रनोच्या मठात ग्रेगोर मेंडेलने गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांचा संकर केला. पहिल्या पिढीतले सगळे दाणे गोल निघाले. पुढच्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळपास तीनास एक. हे आकडे १८६६ च्या निबंधात छापले गेले. त्यासाठी मेंडेलला सूक्ष्मदर्शकाची गरज पडली नाही. दाणे डोळ्यांनी पाहून वेगळे केले की काम भागत होतं.

आता तेच दाणे काचपट्टीवर घेऊ. भिजवलेल्या वाटाण्याचं दळ ब्लेडने किंचित खरवडायचं, पाण्याच्या थेंबात पसरायचं आणि वरून अगदी पातळ केलेलं आयोडीन सोडायचं. (हात सैल सुटला तर कण काळेठिक्कर पडतात आणि आतलं काही दिसत नाही.) गोल वाटाण्यात निळसर, लांबट, अखंड कण दिसतात. आयोडीनशिवाय ध्रुवित प्रकाशात पाहिले तर प्रत्येकावर काळी फुली उमटते, कारण स्टार्चचे रेणू केंद्रापासून बाहेरच्या दिशेने रचलेले असतात. सुरकुतलेल्या वाटाण्यात मात्र कण भेगाळलेले, चार-पाच फाकी जोडून बसवल्यासारखे.

हा फरक ग्रेगरी या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये नोंदवला. खरी गंमत १९०८ मध्ये डार्बिशायर या संशोधकाने दाखवली. संकरित दाणा बाहेरून गोलच, पण त्यातले कण ना धड गोल वाटाण्यासारखे, ना धड सुरकुतलेल्यासारखे, दोन्हींच्या मधले. म्हणजे ‘गोल हा गुण प्रभावी’ हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य बाहेरून दिसणाऱ्या आकारापुरतं खरं. दळात डोकावलं की दोन्ही पालकांची छाप दिसते.

सुरकुत्यांचं कारण कळायला १९९० उजाडलं. इंग्लंडमधल्या नॉर्विचला मदन भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की, सुरकुतलेल्या वाटाण्यात स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणाऱ्या विकराच्या जनुकात डीएनएचा सुमारे ८०० अक्षरांचा तुकडा घुसलेला असतो. विकर बिघडतं, स्टार्च कमी बनतो, साखर उरते. साखर पाणी ओढते, कोवळा दाणा टम्म फुगतो आणि वाळताना आक्रसून सुरकुततो.

हिवाळ्यात बाजारात येणारा गोड मटार याच बिघाडाची देणगी. आपल्याकडे भरपूर लावल्या जाणाऱ्या ‘अर्केल’ वाणाचं बी सुरकुतलेलंच असतं. रगड्याचा वाळका पांढरा वाटाणा मात्र गोल, पिठूळ. हे दोन्ही दाणे रात्रभर भिजत घाला आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक मिळाला तर शेजारी शेजारी पाहा. ४०० पट मोठं करून पाहिलं तरी पुरे.