शेतकऱ्याच्या कामाचा स्वस्त कृत्रिम हात

मळणी यंत्र, कडबा कुट्टी यंत्र व उसाचा चरक यांनी शेतकऱ्याचे श्रम पुष्कळ वाचविले आहेत. परंतु घास सारताना थोडे दुर्लक्ष झाले, तर क्षणार्धात पंजा गमवावा लागतो. असा अपघात घडलेल्या घरी कर्ता माणूस आता कामातून गेला असे समजले जाते व जमीन वाट्याने देण्याचा विचार सुरू होतो. योग्य कृत्रिम हात वेळेवर मिळाल्यास ही पाळी अनेकदा टळू शकते. म्हणून अशा हाताची माहिती प्रत्येक ग्राम कार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

हात कशासाठी हवा?

हुबेहूब दिसणारा रबरी हात समारंभास शोभतो. पण त्याने फावड्याचा दांडा धरता येत नाही. पेंढी बांधणे, दावे ओढणे, बादली उचलणे या बहुतेक कामांत चांगला हात मुख्य काम करतो व दुसरा हात वस्तू स्थिर धरून ठेवतो. हे ध्यानात घेतले म्हणजे कृत्रिम हाताची रचना बरीच सोपी होते. पाचही बोटे निरनिराळी हलण्याची गरज उरत नाही. घट्ट पकड पुरेशी होते. मात्र त्या हाताने धूळ, चिखल व घाम सोसला पाहिजे आणि बिघाड झाल्यास तो जवळपास दुरुस्त करता आला पाहिजे.

आकड्याचा हात

या कसोटीस सर्वांत चांगला उतरणारा प्रकार जुनाच आहे. लाकूड कापण्याच्या गिरणीत हात गमावलेल्या डोरन्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९१२ साली दुभंगलेल्या आकड्याचे पेटंट घेतले. उरलेल्या हातावर बसणारी खोळ, खांद्यांभोवतीचा पट्टा, सायकलच्या ब्रेकसारखी तार आणि आकडा, एवढेच त्याचे भाग. खांदा पुढे केला की तार ताणली जाऊन आकडा उघडतो. खांदा सैल सोडला की रबरी कड्या तो मिटवितात. एक कडी वाढविल्यास पकड सुमारे अर्ध्या किलोने वाढते. वीज लागत नाही, आणि आकडा किती उघडला हे तारेच्या ताणावरून खांद्यास कळते.

इतर स्वस्त प्रकार

अर्नी मीडोज या अमेरिकन रचनाकाराने आपल्या दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ ‘एल. एन. ४’ नावाचा हात तयार केला. तो कोपराखालील हातावर पट्ट्यांनी बांधता येतो व दुसऱ्या हाताने दाबून त्याची बोटे उघडता-मिटता येतात. भारतातही रोटरी क्लबांनी शिबिरे भरवून तो विनामूल्य बसविला आहे.

दक्षिण आफ्रिकेतील सुतार रिचर्ड व्हॅन अ‍ॅस यांची बोटे २०११ साली करवतीने तुटली. अमेरिकेतील आयव्हन ओवेन यांच्या सहकार्याने त्यांनी दोऱ्यांवर चालणारा हात तयार केला आणि २०१३ साली त्याचे आराखडे सर्वांसाठी खुले केले. थ्री-डी प्रिंटरवर प्लॅस्टिकचे थर देऊन असे हात अल्प खर्चात होतात. मनगट वाकविले की बोटे मिटतात. म्हणून मनगट शाबूत असणे अवश्य आहे. लहान मुलांना हा हात सोयीचा पडतो. परंतु नेहमी वापरले जाणारे प्लॅस्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत असा हात ठेवू नये व त्यावर जड ओझे पेलू नये.

विलंब नको

एका हाताने सर्व कामे करण्याची सवय एकदा जडली म्हणजे कृत्रिम हात पेटीतच पडून राहतो. म्हणून जखम भरताच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तोपर्यंत त्यांच्या सांगण्याप्रमाणे उरलेल्या हातास ताणाची पट्टी बांधावी आणि कोपर व खांदा रोज हलवावा. हात बसविल्यावर आत सुती मोजा घालावा, खोळ रोज पुसावी व कातडी लाल झाल्यास ती सैल करून घ्यावी.

साहाय्य कोठे मिळेल?

पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र व मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था येथे हे काम होते. केंद्र शासनाच्या १९८१ पासूनच्या ‘एडिप’ योजनेखाली अल्प उत्पन्नाच्या दिव्यांगांना साधने मिळतात. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत अर्ज करावा. ही योजना खातेदार व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. यंत्रावर घास सारणारा बहुधा भूमिहीन मजूर असतो व तो या योजनेत बसत नाही. अशा मजुरास ‘एडिप’चा लाभ मिळवून देणे हे ग्राम कार्यकर्त्यांनी आपले काम समजावे.

प्रतिबंध

मळणी यंत्राचे घास सारण्याचे तोंड किमान ९० सेंटिमीटर लांब व त्यापैकी ४५ सेंटिमीटर झाकलेले असावे. सैल बाह्या, हातातील कडी व लोंबता पदर यंत्रापासून दूर ठेवावा. थकलेल्या माणसास घास सारण्यास बसवू नये. हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील प्रत्येक यंत्राचे तोंड मोजून पाहावे आणि ते आखूड असल्यास मालकाकडून दुरुस्त करवून घ्यावे.