नावावरून पत्ता कोण सांगतो?

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत ट्विटरसारखी मोठी संकेतस्थळे कित्येकांच्या संगणकावर उघडेनात. गंमत अशी, की त्या स्थळांचे स्वतःचे सर्व्हर व्यवस्थित चालू होते. हल्ला झाला होता तो ‘डाइन’ नावाच्या कंपनीवर. ह्या कंपनीचे काम एवढेच, की नाव विचारले की पत्ता सांगायचा!

संगणकांच्या जाळ्याला नावे कळत नाहीत, क्रमांक कळतात. जुन्या व अजूनही प्रचलित पद्धतीत हा क्रमांक द्विमान पद्धतीत ३२ अंकी असतो. पूर्वी आर्पानेटवर मोजके संगणक होते, तेव्हा सर्व नावांची एकच यादी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असे व इतरांनी ती उतरवून घ्यायची असे. संगणक वाढले तशी ही रीत अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी ‘डोमेन नेम सिस्टिम’, म्हणजेच डीएनएस, सुचवली. तिच्यात संपूर्ण यादी कोणा एकाकडेच नसते.

मग उत्तर मिळते कसे? समजा, नावाच्या शेवटी ‘डॉट इन’ आहे. तुमचा संगणक चौकशीचे काम ‘रिझॉल्व्हर’ ह्या सर्व्हरकडे सोपवतो. तो प्रथम ‘रूट सर्व्हर’ला विचारतो. रूट म्हणतो, “मला ठाऊक नाही, पण ‘इन’ची नोंदवही अमक्याकडे आहे.” तो अमका पुढचा सर्व्हर दाखवतो. त्या स्थळाची नोंद ज्याच्याकडे असते, तो ‘अधिकृत सर्व्हर’. खरे उत्तर त्याचे. उत्तरासोबत त्याची मुदतही येते. ३०० सेकंद लिहिले असेल, तर पाच मिनिटे रिझॉल्व्हर तेच उत्तर लक्षात ठेवतो व पुन्हा विचारायला जात नाही. ह्या साठवणीला ‘कॅश’ म्हणतात.

आता निकालाचा दिवस घ्या. एका सर्व्हरला लाखो विद्यार्थी झेपत नाहीत. म्हणून एकाच नावाला चार पत्ते देऊन, दर वेळी त्यांचा क्रम फिरवतात. ही ‘राउंड रॉबिन’ पद्धत. स्वस्त, पण आंधळी! चारांपैकी एक सर्व्हर बंद पडला तरी साध्या डीएनएसला त्याची खबर नसते. आणि पत्ता काढून टाकला, तरी कॅशमधली मुदत संपेपर्यंत लोक बंद दारावरच जातात. मुदत कमी करावी, तर चौकशा वाढतात.

म्हणून दारातच ‘लोड बॅलन्सर’ बसवतात. बाहेर पत्ता एकच. आतले सर्व्हर जिवंत आहेत ना, हे तो ठरावीक वेळाने तपासतो व चालू असलेल्यांमध्येच काम वाटतो. तोच बंद पडला तर? म्हणून ते दोन ठेवतात.

संगणकाच्या तासाला कमांड प्रॉम्प्टवर ‘एनएसलुकअप’ व पुढे एखाद्या मोठ्या स्थळाचे नाव टाइप करा. दोनतीनदा करून पत्त्यांचा क्रम बदलतो का, ते पाहा. बहुधा वर ‘नॉन-ऑथॉरिटेटिव्ह आन्सर’ असे शब्द दिसतील: म्हणजे ते उत्तर अधिकृत सर्व्हरने थेट दिलेले नसून मध्यस्थाकडून आलेले आहे.