नाव सिनेमाचं, आत व्हायरस : टॉरेंटवरची खोटी फाइल ओळखायची कशी?

२९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' लागला आणि थोड्याच दिवसांत त्याच्या चोरट्या कॉपी नेटवर फिरायला लागल्या. गाजलेल्या प्रत्येक सिनेमाचं हेच होतं. सगळे एकच नाव शोधत असतात, तेव्हा फसवणाऱ्याचं काम सोपं होतं. त्याच्याकडे सिनेमा असायची गरजच नसते. व्हायरसच्या फाइलला सिनेमाचं नाव दिलं की झालं, लोक स्वतःहून डाउनलोड करतात.

व्हायरस काही नवे नाहीत. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून सुरुवात करून नव्वदच्या दशकात 'क्विक हील' हा अँटीव्हायरस बाजारात आणला, तेव्हा व्हायरस फ्लॉपीतून पसरायचे. पण फ्लॉपी कुणी दिली, हे निदान माहीत असायचं. टॉरेंटवर फाइल देणारा कोण, हेच माहीत नसतं.

टॉरेंट चालतं कसं?

नेहमीच्या डाउनलोडमध्ये फाइल एका कंपनीच्या सर्व्हरवरून येते. पीअर टू पीअर पद्धतीत ती तुमच्या-आमच्यासारख्यांच्या कॉम्प्युटरवरून येते. २००१ मध्ये ब्रॅम कोहेनने आणलेल्या बिटटोरेंटमध्ये फाइलचे छोटे तुकडे होतात. हे तुकडे वेगवेगळ्या लोकांकडून तुमच्याकडे येतात आणि त्याच वेळी तुमच्याकडून पुढेही जातात. म्हणजे फाइल खराब असेल, तर ती पसरवायला तुमचाही हातभार लागतो.

मग तपासणी होत नाही का?

होते, पण अर्धीच. प्रत्येक तुकड्याचा 'हॅश' जुळवला जातो. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसाच. त्यामुळे मधल्या कुणी तुकडा बदलला तर तो पकडला जातो. पण फाइल टाकणाऱ्यानेच आत व्हायरस ठेवला असेल, तर हॅश अगदी बरोबर जुळतो आणि व्हायरस जसाच्या तसा तुमच्यापर्यंत पोहोचतो. हॅशवरून फाइल तीच आहे एवढं कळतं, ती चांगली आहे की नाही ते कळत नाही.

हा प्रश्न किती मोठा आहे?

२००१ मध्ये ग्नुटेला नेटवर्कवर 'मँड्रागोर' नावाचा वर्म आला. तुम्ही जे काही शोधाल, त्याच नावाची फाइल तो पुढे करायचा. पण साइज कायम ८,१९२ बाइट्स, म्हणजे जेमतेम ८ केबी!

२००६ मध्ये संशोधकांनी महिनाभराहून जास्त काळ लाइमवायर तपासलं. सर्चमध्ये आलेल्या झिप आणि प्रोग्रॅम प्रकारच्या फाइलींपैकी ६८ टक्के फाइलींत मालवेअर निघालं. त्यातलं ९९ टक्के मालवेअर फक्त तीन प्रकारचं होतं. त्यामुळे नुसत्या साइजवरून जवळपास सगळ्या खोट्या फाइली अडवता आल्या असत्या.

नंतर आलेलं 'स्टॉप' नावाचं रॅन्समवेअर मुख्यतः क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून पसरलं. ते फोटो, प्रोजेक्ट सगळं लॉक करून ९८० डॉलर मागायचं, ७२ तासांत संपर्क केला तर निम्मे. फुकट फोटोशॉपच्या नादात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट गेला, तर तो सौदा किती महागात पडला?

उघडण्याआधी काय बघाल?

१. एक्स्टेन्शन : विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं. फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू' मेन्यूमध्ये जाऊन ते दिसेल असं करा. सिनेमाच्या नावामागे ईएक्सई, एलएनके किंवा एससीआर दिसलं तर फाइल थेट डिलीट.

२. साइज : अडीच तासांचा एचडी सिनेमा ५ एमबीत मावत नाही.

३. पासवर्डवाली झिप : अशा झिपच्या आत काय आहे हे अँटीव्हायरसला दिसत नाही. पासवर्ड लावण्यामागचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.

४. 'आधी अँटीव्हायरस बंद करा' : ही सूचना दिसली की तिथेच थांबा.

५. सीडरचा आकडा : तो खोटाही दाखवता येतो. खरा असला तरी एवढे लोक फसलेत, इतकाच त्याचा अर्थ असू शकतो.

टॉरेंट हे तंत्रज्ञान बेकायदा नाही. उबुंटू, लिबरऑफिस यांची अधिकृत टॉरेंट त्यांच्याच वेबसाइटवर मिळतात. तिथे दिलेला हॅश तुमच्या फाइलशी जुळवून बघा. परवानगीशिवाय सिनेमा वाटणं मात्र कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा आहे.

आणि उघडलीच तर?

आधी नेट बंद करा. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला, कारण त्याच कॉम्प्युटरवर बदलले तर नवे पासवर्डही चोरीला जाऊ शकतात. मग पूर्ण स्कॅन करा आणि ते टॉरेंट क्लायंटमधून काढून टाका, म्हणजे तुमच्याकडून पुढे जाणार नाही. केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या वेबसाइटवर मालवेअर काढायची मोफत टूल्स आहेत. फाइली लॉक झाल्या असतील तर पैसे भरण्याआधी 'नो मोअर रॅन्सम' या वेबसाइटवर मोफत चावी मिळते का बघा. 'स्टॉप'च्या अनेक जुन्या प्रकारांसाठी २०१९ मध्ये अशी चावी निघाली होती.

खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी ते पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त. आणि महत्त्वाच्या फाइलींची एक कॉपी वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. कॉपी झाली की ती डिस्क काढून ठेवा, कारण जोडलेली राहिली तर तीही लॉक होते.