निर्व्यसनी माणसाच्या छातीत दुखते तेव्हा

वऱ्हाडातील जैन कुटुंबांत आरोग्याविषयी एक शांत विश्वास पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. घरात मद्य-मांस नाही, तंबाखूची पुडी नाही, जेवण सूर्यास्तापूर्वी, वर्षभर तिथीचे उपवास आणि चातुर्मासात त्याहून कठोर तप. अलीकडे त्यात सकाळी फिरायला जाण्याची भर पडली आहे. अमरावतीत वडाळी आणि छत्री तलावाच्या बाजूला, अकोल्यात नेहरू पार्कात दुकान उघडण्यापूर्वी तासभर चालणारे व्यापारी नित्य दिसतात. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे अमरावतीला तर १९१४ पासून व्यायामाची परंपराच आहे.

म्हणूनच अशा शिस्तीच्या माणसाला हृदयविकाराचा झटका आला की साऱ्या गावाच्या तोंडी एकच प्रश्न येतो : ‘त्यांना कसा काय?’ प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु धोकाही त्यातच दडलेला आहे. कारण हा प्रश्न सर्वांत आधी रुग्णाच्याच मनात उठतो. ‘मला कसा येईल?’ असे म्हणत तो ओवा खातो, सोडा घेतो, पडून राहतो. आणि उपचाराचा अमूल्य वेळ निघून जातो.

एका अभिनेत्याची संध्याकाळ

१४ डिसेंबर २०२३. मराठी आणि हिंदी चित्रपटांतील अभिनेते श्रेयस तळपदे मुंबईत ‘वेलकम टू द जंगल’ या चित्रपटाचे चित्रीकरण करीत होते. वय ४७. प्रसंग सैनिकी प्रशिक्षणाचा असल्याने दिवसभर अंगमेहनत झाली होती. शेवटचे दृश्य संपल्यावर त्यांना धाप लागली आणि डावा हात दुखू लागला. मेहनतीने स्नायू आखडला असावा, असे त्यांना वाटले. ते आधी घरी गेले. पत्नी दीप्ती यांनी त्यांची अवस्था पाहताच विलंब न लावता रुग्णालयाची वाट धरली. वाटेत वाहनांच्या गर्दीत गाडी अडकली आणि तळपदे यांची शुद्ध हरपली. दीप्ती यांनी मदतीसाठी हाका मारल्या, रस्त्यावरचे लोक धावून आले. रुग्णालयात छातीवर दाब व विजेचा झटका देऊन त्यांचे हृदय पुन्हा सुरू करण्यात आले, आणि त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली. एक रक्तवाहिनी पूर्ण बंद होती, दुसरी ९९ टक्के.

पुढे मुलाखतींत तळपदे यांनी आपली स्थिती मोकळेपणाने मांडली. ते धूम्रपान करीत नव्हते, आहार-व्यायामाकडे त्यांचे लक्ष होते. कोलेस्टेरॉल थोडे वाढलेले होते व त्यासाठी औषध चालू होते. घराण्यात हृदयविकाराचा इतिहास होता. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या देहात रोग आपले काम गुपचूप करीत होता.

आत काय घडते

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या भिंतीत मेदाचे थर वर्षानुवर्षे साचत जातात. वाहिनी बरीच अरुंद झाली तर चालताना छाती भरून येते आणि माणूस सावध होतो. परंतु अनेक झटके अशा थरांमुळे येतात, ज्यांनी वाहिनी अर्धीही व्यापलेली नसते. हा मेद मऊ असतो, त्यावरचे आवरण पातळ असते. ते एखाद्या क्षणी फाटते, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाहिनी बंद पडते. म्हणूनच आदल्या दिवसापर्यंत चार किलोमीटर चालणाऱ्यालाही झटका येऊ शकतो. म्हणूनच, चालत्या पट्ट्यावरची ताणचाचणी, अर्थात टीएमटी, ठीक आली म्हणजे पुढच्या वर्षाची हमी मिळाली, असेही नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय देहाचे एक वैशिष्ट्य जगापुढे आणले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे व इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, बीएमआय २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून मेदयुक्त असू शकतो, हे त्या एका छायाचित्राने पटवून दिले. ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतील अभ्यासातही दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका मध्यमानाने ५३ व्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी, येत असल्याचे आढळले.

शाकाहार हितकारक आहे, यात शंका नाही. मात्र तूप, तळलेले फरसाण, मिठाई आणि पापड-लोणच्यातील मीठ हेही शाकाहारीच असतात. त्याला दिवसभर गादीवरची बैठक, कापसाच्या हंगामातील जागरणे आणि उधारीची चिंता जोडली, की सकाळचा एक तास बाकीच्या तेवीस तासांचा हिशेब पुरता चुकवू शकत नाही.

मग व्यायाम व्यर्थ का?

अमेरिकेत धावण्याची लोकचळवळ उभी करणारे लेखक जिम फिक्स २० जुलै १९८४ रोजी धावतानाच कोसळले आणि मरण पावले. वय ५२. तेव्हाही ‘पहा, व्यायाम करून काय मिळाले?’ असे लोक म्हणाले. वस्तुस्थिती निराळी होती. फिक्स यांच्या वडिलांना ३५ व्या वर्षी पहिला झटका आला होता आणि ४३ व्या वर्षी ते गेले होते. फिक्स स्वतः पूर्वी भरपूर सिगारेट ओढीत आणि त्यांचे वजनही फार होते. व्यायामाने त्यांना मारले नाही. व्यायामाच्या भरवशावर तपासणीकडे झालेले दुर्लक्ष नडले.

१९९३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा मुद्दा आकड्यांत मांडला. एरवी क्वचितच घाम गाळणाऱ्याने एकदम जोराचे श्रम केले, तर त्या वेळेपुरता झटक्याचा धोका शंभराहून अधिक पटींनी वाढतो. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यात ही वाढ अडीच पटींच्या आत राहते. नियमित व्यायाम धोका घटवतो आणि झटका आल्यास तो सोसण्याचे बळ देतो. तो ढाल आहे. अभेद्य किल्ला नव्हे.

तपासणीची वही

व्यापारी दरवर्षी दिवाळीला हिशेब पाहतो. चाळिशीनंतर देहाचाही पाहावा. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी या तपासण्या दोन्ही शहरांत सहज होतात. लायपोप्रोटीन-ए हा घटक बहुतांशी आनुवंशिक असल्याने आयुष्यात एकदा मोजला तरी पुरतो. वडील किंवा भाऊ यांना ५५ व्या वर्षापूर्वी, आई किंवा बहीण यांना ६५ व्या वर्षापूर्वी हृदयविकार झाला असेल, तर ते डॉक्टरांना न विचारता सांगावे. अनेक घरांत हे लपवले जाते, विशेषतः सोयरिकीच्या वयात. पण लपवल्याने रक्त बदलत नाही.

पहिला तास

छातीत दडपण, डाव्या हातात, जबड्यात वा पाठीत कळ, गार घाम, धाप, कारणाशिवाय मळमळ, यांपैकी काही पंधरा-वीस मिनिटे टिकले तर ‘गॅस’ म्हणून सोडू नये. स्त्रिया व मधुमेही यांना छातीत कळ न येता केवळ अतिशय थकवा येऊ शकतो. दुकान बंद होण्याची वाट पाहू नये, रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पहिला ईसीजी ठीक आला तरी दुखणे चालू असेल तर तो पुन्हा काढावा लागतो. अँजिओप्लास्टीची सोय कोणत्या रुग्णालयात चोवीस तास आहे, हे घरात आधीच लिहून ठेवावे. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर यांसारख्या गावांतून ती दोन तासांत होणे शक्य नसेल, तर जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी घेऊन मग शहराकडे निघणे हिताचे ठरू शकते; तो निर्णय डॉक्टर घेतात. रुग्ण बेशुद्ध होऊन श्वास थांबला, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने खोल दाब देत राहावे.

येथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. रात्री झटका आला आणि चौविहाराचे पच्चक्खाण असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेली अ‍ॅस्पिरिनची गोळी घ्यावी काय? पच्चक्खाणात आगार ठेवलेले असतात आणि तीव्र व्याधीत समाधी टिकावी यासाठीचा आगार त्यांत आहे. परंपरेने आजाऱ्याचा विचार आधीच केलेला आहे. स्टेंट बसवलेल्यांनी तर अठ्ठाई वा मासखमणासाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या परस्पर थांबवणे जिवावर बेतू शकते. तपापूर्वी हृदयरोगतज्ज्ञ आणि साधू-साध्वी या दोघांशीही बोलावे. गोळ्यांच्या वेळा पुष्कळदा दिवसा बसवता येतात.

संयमी जीवनाचे मोल या साऱ्याने कमी होत नाही. पण संयमात सावधपणाही येतो. घरातील कर्ता पुरुष ‘मला काही झालेले नाही’ असे म्हणत छाती चोळत बसला असेल, तर घरातल्यांनी त्याच्या शब्दापेक्षा त्याच्या चेहऱ्यावरच्या घामावर विश्वास ठेवावा आणि त्याला रुग्णालयात न्यावे. तपासणीत काही निघाले नाही, तर गेली ती फक्त एक रात्र.