कॅन्सरच्या पेशंटची इयादत: दुआसोबत थोडी समजही हवी

परळचं टाटा हॉस्पिटल 1941 साली सुरू झालं. त्याच टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक आज आपल्या खारघरमध्ये आहे. उपचारासाठी लांबलांबून लोक इथे येतात, नातेवाईकांच्या घरी राहतात. त्यामुळे पनवेल-तळोज्यापासून वाशीपर्यंत अनेक घरांत आपण कॅन्सरचा पेशंट पाहतो. अशा वेळी कुटुंब आणि मोहल्ल्याने काय करावं?

इयादत ही सुन्नत आहे, पण तिची वेळ पाहायला हवी. केमोथेरपीनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. साधारण 7 ते 14 दिवसांत त्या सर्वांत खाली जातात. तेव्हा आपली साधी सर्दीही पेशंटला भारी पडू शकते. म्हणून आधी फोन करावा, दोघांनीच जावं, हात धुवावेत, दहा मिनिटांत निघावं. खोकला-ताप असेल तर घरूनच दुआ करावी. कॅन्सर स्पर्शाने पसरत नाही, त्यामुळे पेशंटचं ताट-ग्लास वेगळं ठेवून त्याचं मन दुखवू नये.

घरच्यांनी थर्मामीटर जवळ ठेवावा. केमो चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त झाला, तर सकाळची वाट पाहू नये. रात्री दोन वाजले तरी हॉस्पिटलला फोन करून निघावं. मनाने तापाची गोळी देऊ नये, ताप दबून जातो आणि खरा धोका कळत नाही.

‘अमक्या हकीमसाहेबांच्या दवेने बरं झालं’ असं सांगणारे बरेच भेटतात. काढा, पुडी, जडीबुटी काहीही द्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं, कारण काही वनस्पती केमोच्या औषधांशी जुळत नाहीत. दवा सोडून फक्त झाडफूक करणं म्हणजे तवक्कुल नव्हे. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरोसा ठेवा, हीच तर शिकवण आहे.

रमजानमध्ये अम्मी-अब्बा रोजा सोडायला तयार होत नाहीत. सूरह बकराच्या 184व्या आयतीत आजाऱ्याला सवलत दिलेली आहे. बरं झाल्यावर कजा ठेवता येतो. बरं होण्याची आशा नसेल तर फिदयाबद्दल आपल्या आलिमांना विचारावं. ‘रोजा सुटला’ म्हणून पेशंटला गुन्हेगार वाटू देऊ नये.

आणि सांभाळणाऱ्याला विसरू नका. बहुतेक घरांत ती सून, मुलगी किंवा बायको असते. सगळे पेशंटची तब्येत विचारतात, तिची कोणी विचारत नाही. ‘काही लागलं तर सांगा’ म्हटल्यावर ती कधीच सांगणार नाही. त्यापेक्षा ‘मंगळवारी हॉस्पिटलला मी सोबत येतो’, ‘जुम्याचं जेवण आमच्याकडून’, ‘मुलांचा अभ्यास आम्ही घेतो’ असं ठरवून सांगावं. एका घराने एक दिवस वाटून घेतला, तरी आठवडा निभावतो.

अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.