जुन्या लेथयंत्राची झीज

जुने लेथयंत्र खोलले असता त्याच्या बेडची झीज सर्वत्र सारखी आढळत नाही. बहुतेक काम चकाजवळ होत असल्याने तेथील भागच अधिक झिजतो. तेथली ढिलाई घालविण्यासाठी गिबची पट्टी आवळल्यास कॅरेज न झिजलेल्या टोकास अडकते. कारखान्यांत सर्रास होणारा हा उपाय दुरुस्ती या नावास पात्र नाही. बेड खरवडणे हाच खरा मार्ग होय. निळा रंग लावलेली सरळपट्टी बेडवर फिरवून, रंग उमटेल तेवढेच उंचवटे स्क्रेपरने काढावयाचे. परंतु ती पट्टी तरी निर्दोष कशावरून? दोन पृष्ठे तंतोतंत जुळूनही एक फुगीर व दुसरे खोलगट असू शकते. म्हणून जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये विशद केलेल्या पद्धतीत तीन पृष्ठे आलटूनपालटून परस्परांशी ताडतात. दोन फुगीर पृष्ठे एकमेकांवर बसूच शकत नाहीत.